दातांच्या उपचाराचा खर्च: अंदाजपत्रक कसे वाचावे आणि पैशांची सोय कशी करावी

दाढ ठणकत असताना दंतवैद्याच्या खुर्चीत ऐकलेला खर्चाचा आकडा नीट समजत नाही. माणूस एक तर घाबरून उठून जातो, किंवा दुखणे एकदाचे थांबावे म्हणून कशालाही मान डोलावतो. दोन्ही टाळायचे असेल तर लेखी अंदाजपत्रक मागून घ्यावे. वेदना असह्य असल्यास त्या दिवशी फक्त ती थांबवण्यापुरता उपचार घेता येतो: दाढ उघडून आतला दाब मोकळा करतात, वर तात्पुरते सिमेंट भरतात आणि पुढचा निर्णय घरी शांतपणे घेण्याइतका अवधी मिळतो. मात्र चेहऱ्यावर सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे कठीण होत असेल, तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण दाताचा संसर्ग मानेकडे उतरला तर जिवावर बेतू शकतो.

अंदाजपत्रकात आधी दाताचा क्रमांक पाहावा. बहुतेक ठिकाणी दोन अंकी पद्धत वापरतात. तिच्यात पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो (वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४) आणि दुसरा अंक मधल्या दातापासून मागे मोजत गेल्यावर तो कितवा दात आहे ते सांगतो. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ झाली. कागदावरचा क्रमांक, एक्स-रेमध्ये दाखवलेला दात आणि आपल्याला दुखणारी जागा यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांसमोरच विचारावे. दुखणारा दात एक आणि कागदावर चार दात असतील, तर उरलेल्या तिघांत काय बिघडले आहे, हे एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगण्यात कोणताही अवमान नाही.

सर्वाधिक गैरसमज रूट कॅनलच्या आकड्याबद्दल होतात. दातांच्या मुळांमधील नलिका साफ करून त्या बंद करणे, एवढेच त्या रकमेत धरलेले असते. पुढच्या दाताला बहुधा एकच नलिका असते, खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत बहुधा तीन आणि वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत पुष्कळदा चौथीही सापडते. म्हणून दाढेचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. त्यानंतर पोकळ झालेल्या दाताची भर घालून बांधणी करावी लागते, दात फारच कमी उरला असेल तर आत आधाराची काडी बसवावी लागते आणि चावण्याचा भार घेणाऱ्या दाढेवर सहसा कॅप घालावी लागते. या प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘रूट कॅनलला किती?’ असे न विचारता ‘या दाढेने पुन्हा नीट चावता येईपर्यंत एकूण किती?’ असे विचारावे. रूट कॅनल करून पैशाअभावी कॅप टाळलेली दाढ काही महिन्यांनी उभी चिरते आणि मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही, असे अनेकदा घडते. तेव्हा आधीचा सगळा खर्च वाया जातो. म्हणूनच रूट कॅनल सुरू करण्यापूर्वीच कॅपच्या पैशांची तजवीज असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कॅपच्या किमतीत साहित्यानुसार मोठा फरक पडतो. मागच्या, हसताना न दिसणाऱ्या दाढेसाठी साधी धातूची कॅप मजबूत असते आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप मधल्या किमतीची असते, तर झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकची कॅप दाताच्या रंगाची, टिकाऊ आणि महाग असते. कॅपसोबत मिळणारी अनेक वर्षांची हमी बहुधा कॅप फुटण्यापुरती असते. आतला दात पुन्हा किडला किंवा हिरडी उतरली, तर त्याचा तिच्यात समावेश नसतो.

स्वस्त साहित्य म्हणजे हलके साहित्य, ही समजूत सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट, दातात भरायचे ग्लास आयनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला. यांपैकी शेवटचे द्रव किडीवर लावले की ती पुढे सरकणे बहुधा थांबते. त्याला ड्रिल लागत नाही आणि अनेकदा भूलही लागत नाही, मात्र लावलेला किडका भाग कायमचा काळा पडतो. लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी किंवा वयस्कांच्या मुळांजवळच्या किडीसाठी हा पर्याय चालेल का, हे आवर्जून विचारावे. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल, तर मात्र त्याचा उपयोग नसतो.

गेलेल्या दाताच्या जागी तीन पर्याय असतात. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात; त्याचा दर युनिटमागे, म्हणजे एकेका दातामागे, सांगितला जातो, आणि एका दातासाठी बहुधा तीन युनिटे लागतात, कारण शेजारच्या दोन दातांवरही कॅप बसते. सांगितलेला दर तिप्पट होतो, हे कित्येकांना बिल आल्यावरच कळते. शिवाय ते दोन दात निरोगी असले तरी घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोडभाग आणि वरची कॅप असे तीन भाग असतात. जाहिरातीतला आकडा कधी कधी केवळ स्क्रूचा असतो, आणि हाड कमी असल्यास हाड भरण्याचा व त्रिमितीय स्कॅनचा खर्च वेगळा येतो. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तेवढ्या काळात दुसऱ्या टप्प्याचे पैसे साठवता येतात, तेव्हा सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये. काढता-घालता येणारी अर्धी कवळी सर्वांत स्वस्त असते. तिची सवय व्हायला वेळ लागतो, पण पुढे इम्प्लांट करण्याचा मार्ग तिच्यामुळे बंद होत नाही.

एवढे समजल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की आपल्याला इतकाच खर्च झेपतो, तर क्रम कसा लावता येईल. संसर्ग आणि वेदना सर्वांत आधी, मग वाढत जाणारी कीड आणि हिरड्यांचा आजार, त्यानंतर गेलेले दात आणि शेवटी रंगरूप, हा क्रम वैद्यकीय दृष्टीनेही योग्य ठरतो. दात पांढरे करणे वर्षभर थांबले तरी बिघडत नाही. नसेच्या जवळ आलेली कीड मात्र थांबवू नये, कारण आज एका बैठकीत सिमेंट भरून भागणारे काम उद्या रूट कॅनल, बांधणी आणि कॅप यांवर जाते. दुखणे आपोआप थांबले म्हणून निश्चिंत होऊ नये. पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाशी चालूच असतो. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी सूज ओसरते, पण तिचे मूळ कारण दातातच राहते, त्यामुळे गोळ्यांवर काढलेले दिवस म्हणजे बचत नव्हे.

मोठ्या कामासाठी दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. जाताना एक्स-रेची प्रत बरोबर न्यावी, म्हणजे तो खर्च पुन्हा होत नाही, आणि पहिला आकडा लगेच न सांगता आधी निदान ऐकावे. आकडे वेगळे निघाले, तर तफावत साहित्याची आहे, टप्प्यांची आहे की निदानाचीच आहे, हे शोधावे. निदानातच फरक असेल, तर तिथे किमतीवरून निवड करू नये.

पैशांच्या सोयीत सर्वांत दुर्लक्षित मार्ग दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा आहे. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, शुल्क सहसा बरेच कमी असते आणि प्रत्येक पायरी तपासली जाते. मात्र फेऱ्या अधिक होतात आणि एकेका भेटीला तास-दोन तास लागू शकतात. ज्याला वेळ काढता येतो, त्याने हा मार्ग निःशंकपणे निवडावा. सरकारी रुग्णालयांतही दात काढणे, सिमेंट भरणे यांसारखी कामे अनेकदा अल्प शुल्कात होतात.

विम्याच्या बाबतीत अट आधी वाचावी आणि उपचार मागून ठरवावा. साध्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार अनेकदा वगळलेले असतात, किंवा अपघातातील इजेपुरतेच धरलेले असतात. दातांच्या स्वतंत्र विम्यात वर्षाची कमाल मर्यादा, मोठ्या कामांसाठी प्रतीक्षेचा काळ, आपण भरायचा टक्का आणि विमा घेण्यापूर्वीच गेलेल्या दातांबाबतची अट, अशा चार गोष्टी पाहाव्यात. खर्च मोठा असल्यास लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. वैद्यकीयदृष्ट्या थांबता येत असेल, तर उपचाराचे टप्पे विम्याच्या दोन वर्षांत विभागून दोन्ही वर्षांच्या मर्यादेचा लाभ घेता येतो.

हप्त्यांची सोय दवाखान्याची स्वतःची असेल आणि प्रत्येक भेटीला थोडे पैसे द्यायचे असतील, तर ती उत्तम. वित्तसंस्थेचे कर्ज असेल तर हिशेब करूनच सही करावी. समजा, १२,००० एवढी रक्कम वर्षभरासाठी १२ टक्के सरसकट दराने घेतली. व्याज १,४४० होते आणि महिन्याचा हप्ता १,१२० बसतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण मुद्दलावर आकारलेले असल्याने घटत्या शिलकीवरचा खरा दर साधारण २१.५ टक्के पडतो. म्हणून दर सरसकट आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारावे. ‘बिनव्याजी’ हप्ते देऊ केले असतील, तर तेच काम रोख पैशांत किती रकमेत होईल, प्रक्रिया शुल्क किती आणि एक हप्ता चुकल्यास काय होते, हेही विचारावे. उपचार मध्येच थांबला किंवा दवाखाना बंद पडला तरी कर्जाचे हप्ते चालू राहू शकतात. त्यामुळे न झालेल्या कामाचे पैसे कसे परत मिळतील, हे कर्जाच्या कागदावर लिहिलेले असावे.

प्रत्येक पावतीवर दाताचा क्रमांक आणि केलेले काम लिहून घ्यावे. इम्प्लांट बसवला असेल तर त्याची कंपनी, मापे आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर मागून घेऊन एक्स-रेसोबत जपून ठेवावे, कारण दहा वर्षांनी वरची कॅप बदलायची वेळ आली, तर त्या स्क्रूला कोणता जोडभाग बसतो हे दुसऱ्या दंतवैद्याला त्यावरूनच कळते.