समुद्रफूल आणण्याआधी: वऱ्हाडातल्या घरासाठी तयारी

समुद्रफूल, म्हणजे दुकानात ज्याला ॲनिमोन म्हणतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, घरी आणायचं असेल तर मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. टाकी मात्र पावसाळ्याच्या तोंडालाच मांडून ठेवा. मधल्या चार-पाच महिन्यांत तिच्यात पाणी, वाळू, दगड, पंप आणि फार तर एखादा निमो मासा. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशाच्या घाणीतून होणारी विषं, शून्यावर आले आणि तिथंच राहिले, हे टेस्ट किटवर वरचेवर दिसलं पाहिजे. दगड सिरॅमिकचे घ्या. प्रवाळाचा तुकडा कुणी कितीही गळ्यात मारला तरी नको, वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला पूर्ण संरक्षण आहे.

खरेदीला निघण्याआधी रंगाचं गणित समजून घ्या, कारण पैसा कुठं घालायचा ते त्यावर ठरतं. समुद्रफुलाच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. तपकिरी, सोनेरी झाक याच शैवालाची. हिरवा, नारिंगी, लाल हे रंग वेगळे, ते समुद्रफुलाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. ही प्रथिनं निळा उजेड शोषतात आणि हिरवा किंवा लाल बाहेर टाकतात. म्हणून निळ्या एलईडीखाली जे फूल निखाऱ्यासारखं पेटलेलं दिसतं, तेच पांढऱ्या उजेडात मळकट तपकिरी निघू शकतं. फूल तेच, दिवा वेगळा.

तेव्हा नागपूर-पुण्याच्या दुकानदाराला पहिली विनंती ही करा: निळा दिवा बंद करून पांढरा लावा. फोटो मागवत असाल तर तोही पांढऱ्या उजेडातला. दुधासारखं पांढरं किंवा आरपार दिसणारं फूल ‘दुर्मीळ रंग’ म्हणून दाखवलं तर घेऊ नका. त्यातलं शैवाल निघून गेलेलं असतं, म्हणजे ते उपाशी असतं. अंगभर एकसारखं भडक पिवळं किंवा गुलाबी असेल तर रंगवलेलं असण्याची शंका घ्या. पहिल्यांदाच पाळत असाल तर ‘बबल टिप’ जातीचं समुद्रफूल घ्या. हे टाकीत स्वतःच दुभंगून वाढतं, त्यामुळे टाकीतच वाढलेला तुकडा मिळू शकतो, तोच मागा. तोंड घट्ट मिटलेलं आणि बूड धड, कुठंही न फाटलेलं असावं.

आता पाणी, आणि इथं आपल्याकडचा घोळ जरा जास्त आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगावकडची मंडळी म्हणतात, आमचं पाणी तर आधीच खारं, मीठ कशाला विकत घ्यायचं? खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी खारं असलं तरी त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. लोणार सरोवराचं पाणीही खारं आहे, पण ते प्रचंड अल्कधर्मी, त्यात समुद्रफूल जगणार नाही. सरळ आरओचं पाणी घ्या आणि त्यात मरीन सॉल्ट मिसळा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. ते रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा, जिभेवर नव्हे. स्वयंपाकघरातल्या आरओची मात्र खात्री करा. हल्ली बऱ्याच मशिनींत चवीसाठी मिनरलचं किंवा ‘कॉपर’चं काडतूस असतं. ते काढून टाका आणि टीडीएस पेनवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) आकडा शून्याजवळ येतो का पाहा. वाया जाणारं पाणी अंगण-भांड्यांना वापरा, पण खारपाणपट्ट्यात असाल तर झाडांना घालू नका.

तांबं हा समुद्रफुलाचा काळ आहे. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांनी तर दुप्पट जपावं: ज्या बादलीत मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, भिजवलं, त्याची बोर्डो पेस्ट कालवली, ती कितीही धुतली तरी टाकीकडे आणायची नाही. फवारणी करून आलात तर हात साबणानं धुवूनही त्या दिवशी पाण्यात घालू नका. टाकीसाठी बादली, मग आणि पाइप वेगळे ठेवा, त्यांवर खूण करा.

उन्हाळ्याची सोय हिवाळ्यातच करायची. पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. ३० च्या पुढे गेलं आणि वरून दिवा प्रखर असला की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाचा तोल बिघडतो, घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि समुद्रफूल शैवालालाच बाहेर टाकतं. लोक त्याला ‘रंग उडाला’ म्हणतात. टाकी टिनाखाली नको, पश्चिमेच्या खिडकीशी नको. स्लॅबची, उत्तरेकडची खोली बरी. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर आपल्या कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनानं दोन-तीन अंश सहज उतरतात. पण त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावलात तर हवा दमट होते आणि पंख्याचं काम मंदावतं. कूलर शेजारच्या खोलीत ठेवा. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोजची भर नुसत्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. ऐपत असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्या, फक्त त्याची गरम हवा खोलीबाहेर जाऊ द्या. डिसेंबरच्या रात्रींसाठी थर्मोस्टॅटचा हीटर लागेलच.

वीज जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टरवर आधी पाणी खेळवणारा पंप, मग पंखा. दिवा जोडू नका, एक दिवस अंधारात गेला तर काही बिघडत नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा, कारण समुद्रफूल जागा बदलत फिरतं आणि पंपात ओढलं जातं.

दिव्याचा नंबर शेवटी लागतो, लोक मात्र तोच आधी घेतात. निळा-पांढरा मिश्र एलईडी घ्या. पाण्यात तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच विरतो आणि निळा खोल जातो, त्यामुळे प्रवाळ खडकांवरच्या जिवांना निळ्याची सवय असते. पहिल्या दिवशी तीव्रता तिसरा हिस्सा ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवा. टायमरवर आठ ते दहा तास पुरे. उजेड कमी पडला किंवा पाण्यात नायट्रेट साचलं तर शैवाल वाढून फूल गडद तपकिरी होतं. हे दिसायला मळकट वाटलं तरी आजारपण नव्हे, घाबरून दिवा वाढवू नका.

खाऊ म्हणून आठवड्यातून एक-दोनदा ताज्या किंवा गोठवलेल्या झिंग्याचा नखाएवढा तुकडा द्या, सुकट नको. दर रविवारी एकाच वेळी, पांढऱ्या उजेडात मोबाइलवर एक फोटो काढत जा, नाहीतर रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल कळत नाही. टोकं पांढुरकी वाटू लागली तर आधी थर्मामीटर पाहा, मग रिफ्रॅक्टोमीटर, आणि दोन्ही ठीक असतील तरच दिवा थोडा उतरवा.