नाल काढल्यावर चांदणी लंगडली तेव्हा

पेडण्यातल्या आमच्या घोडीचे नाल मे महिन्यात काढले. चूक तिथेच झाली. अंगणापासून रस्त्यापर्यंत सगळा जांभ्याचा खडा, त्यात उन्हाने तापलेला. दुसऱ्याच दिवशी चांदणी काचेवर चालल्यासारखी पाय टाकू लागली. नालबंदाने जुन्या सवयीने तळवाही खरवडून पातळ केला होता. अनवाणी ठेवायच्या घोड्याचा तळवा कापायचा नसतो, हे मला नंतर कळलं.

आधी फिरवणं बंद केलं. खडीवरून न्यायची वेळ आली तर पुढच्या पायांत रबरी बूट. रोज सकाळी ओहोटीला मोरजीच्या ओल्या, घट्ट वाळूवर वीस मिनिटं नुसतं हातात धरून चालवलं. कोरड्या भुसभुशीत वाळूत नाही, तिथे पायांतल्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांवर) ताण येतो. गूळ आणि जास्तीचं धान्य तोडलं, कारण साखरेने खुराच्या आतला भाग सुजतो. (गूळ बंद केल्यावर आईच माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.)

पावसाळ्यात तळव्याच्या खाचांत काळी, कुजकी घाण दिसली. दिवसातून दोनदा खूर साफ करून कोरडे ठेवले, गोठ्यात खडी टाकून निचरा केला. दर पाच आठवड्यांनी कडा कानशीने गोल केल्या. खूर महिन्याला सेंटीमीटरभरही वाढत नाही. खिळ्यांची भोकं खाली सरकून नाहीशी व्हायला दिवाळी उजाडली.

आता जांभ्यावर ती स्वतःहून चालते. डांबरी रस्त्यावर मात्र अजून बूट घालतो.