गिटार ॲम्पच्या थाटाचा छोटा स्पीकर घरी कसा बनवावा

काळं रेक्झिन, जाळीदार कापड, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, वर धरायला मूठ आणि पुढे दोन-तीन नॉब. असा छोटा ब्लूटूथ स्पीकर बनवणं अवघड नाही. बहुतेकांची चूक मात्र सुरुवातीलाच होते. दिसायला गिटार ॲम्प (विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) हवा म्हणून ते आतही गिटार ॲम्पच बनवायला जातात. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जवळजवळ सोडूनच देतो, आणि त्यामुळेच विजेच्या गिटारचा कर्कशपणा कानाला टोचत नाही. गाणी ऐकायला तोच स्पीकर लावलात तर झांजा गायब होतात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. अनेक गिटार ॲम्पची मागची बाजू अर्धी उघडी असते. आपला डबा जेमतेम २७ सेंटीमीटर रुंद. तो मागून उघडा ठेवला तर कोनच्या (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) मागून निघालेला आवाज पुढच्या आवाजाला खोडून काढतो आणि ढोलाचा नुसता टकटकाट उरतो. म्हणून पोशाख गिटार ॲम्पचा आणि आत फुल-रेंज (खालपासून वरपर्यंतचे सूर एकटाच वाजवणाऱ्या) स्पीकरचा हवाबंद डबा, असा बेत ठेवा.

काय काय लागेल

३ इंची फुल-रेंज स्पीकर दोन, ८ ओहमचे, किमान १० वॉटचे. टीपीए३११० चिपचा स्टीरिओ ॲम्प बोर्ड. ही चिप ८ ते २६ व्होल्टवर चालते, त्यामुळे तीन सेलच्या बॅटरीशी तिचं जमतं. १२ व्होल्टवर ८ ओहमला दर बाजूला सुमारे ८ वॉट मिळतात. खोलीत वा गच्चीवर बसून ऐकायला ते पुष्कळ. बॅटरीसाठी १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल एका मागोमाग एक जोडलेले, त्यांना तीन सेलचा, बॅलन्स करणारा (तिन्ही सेल सारखे भरणारा) संरक्षण बोर्ड आणि १२.६ व्होल्टचा लिथियमसाठीचाच चार्जर. शिवाय ब्लूटूथ ऑडिओ मॉड्यूल, १२ वरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, बी०५०५एस हा आयसोलेटेड (आतली आणि बाहेरची वीज एकमेकींना न जोडणारा) कन्व्हर्टर, १० किलोओहमचे लॉगरिदमिक डबल पोट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबने फिरवायचा रोध) दोन, तीन पायांचा ऑन-ऑन टॉगल स्विच, दागिन्याच्या खड्यासारखी दिसणारी लाल किंवा पिवळी एलईडी, ३ ॲम्पियरचा फ्यूज.

वरच्या पोशाखाला ९६० × २०० मिमी रेक्झिन, ३०० × १८० मिमी ग्रिलचं कापड, कोपरे आठ, मूठ एक, रबरी पाय चार आणि १.५ मिमी ॲल्युमिनियमची २५० × ३८ मिमी पट्टी.

नॉब घेताना पोटची दांडी आधी पाहा. दातेरी दांडी, एका बाजूने चपटी दांडी आणि गुळगुळीत गोल दांडी या तिन्हींचे नॉब वेगळे. गुळगुळीत दांडी आणि बाजूने स्क्रू असलेला नॉब ही जोडी सगळ्यात कमी त्रासाची.

डबा

९ मिमी प्लायवूडमधून हे तुकडे कापा:

- वरचा आणि खालचा: २७० × १४० मिमी, दोन
- बाजूचे: १७२ × १४० मिमी, दोन
- पुढची फळी, जिच्यावर स्पीकर बसतात: २५२ × १७२ मिमी, एक
- मागची फळी: २५० × १७० मिमी, एक

मागची फळी दोन-दोन मिलीमीटर लहान ठेवली आहे, कारण कडेने रेक्झिन आत वळतं. ते विसरून मापात कापली की शेवटच्या दिवशी रंधा शोधत बसावं लागतं.

पुढची फळी डब्याच्या तोंडापासून १५ मिमी आत बसते. त्या खोलगटात ग्रिल जाते, आणि नॉबही आत राहतात, म्हणून पिशवीत टाकल्यावर ते आपोआप फिरत नाहीत. आतली जागा साधारण साडेचार लिटर भरते. सामान वजा करता प्रत्येक स्पीकरला दोन लिटर येतात. या आकाराच्या स्पीकरला बंद डब्यात तेवढी हवा ठीक आहे.

फळीच्या वरच्या ४० मिमी पट्ट्यात कंट्रोल, खालच्या १३२ मिमीत स्पीकर. स्पीकरची केंद्रं खालच्या कडेपासून ६६ मिमी वर आणि मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ६२ मिमीवर घ्या. भोकाचा व्यास तुमच्या स्पीकरवरून मोजा, कारण ‘३ इंची’ म्हणून विकले जाणारे स्पीकर दोन-चार मिलीमीटर पुढेमागे असतात.

आता एक अडचण. पोटचा आटे असलेला भाग बहुधा ७ मिमीच लांब असतो आणि प्लाय आहे ९ मिमी, त्यामुळे नट लागतच नाही. म्हणून कंट्रोलच्या पट्ट्यात १७० × २६ मिमीचा आडवा खाचा कापा आणि पोट, स्विच, दिवा हे सगळं ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा. पट्टीखाली खाच्याभोवती फोमची पातळ टेप लावली की हवा गळत नाही. मागच्या फळीवर चार्जिंगचा जॅक बसवतानाही हाच त्रास होतो. तिथे आतून मोठ्या बिटने ५ मिमी खोल पोकळी करून उरलेल्या जाडीत लहान भोक पाडा.

जोडणी फक्त सुतारी गोंद आणि क्लॅम्पने करा. खिळे मारू नका, कारण नंतर सगळ्या बाहेरच्या कडा ५-६ मिमी गोलाईने घासायच्या आहेत आणि खिळा नेमका तिथे वर येतो. पुढच्या फळीला आतून दोन्ही बाजूंनी आणि खालून १२ × १२ मिमी पट्ट्या लावा. वर खाचा असल्याने तिथे पट्टी नको. मागच्या फळीसाठी चारही बाजूंनी, मागच्या कडेपासून ९ मिमी आत. गोंद वाळल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांवरून बोटाने पुन्हा गोंद फिरवा. पुढच्या फळीला मॅट काळा रंग द्या, नाहीतर ग्रिलच्या कापडातून पिवळं लाकूड डोकावतं.

रेक्झिन चढवणं

इथे घाई केली की आयुष्यभर दिसते. कॉन्टॅक्ट सिमेंट वापरा, म्हणजे चपलांचे तळ चिकटवायला लागतो तो पिवळट गोंद. पांढऱ्या सुतारी गोंदाला रेक्झिनखाली वाळायला वेळ लागतो आणि तोवर कडा उचलतात. लाकडावर आणि रेक्झिनच्या मागे, दोन्हीकडे पातळ थर द्या. १०-१५ मिनिटं थांबा; बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. ओला असताना जोडलात तर सरकतो आणि फुगे धरतो. खिडक्या उघड्या ठेवा, याचा वास डोक्यात जातो.

सुरुवात तळाच्या मध्यापासून. पुढच्या बाजूला साधारण २८ मिमी जास्त सोडा, म्हणजे कड ओलांडून खोलगटात फळीपर्यंत पोचेल. मागे २० मिमी पुरे. गोल फिरवून तळाशी परत आलात की टोकं एकमेकांवर २० मिमी चढवा, त्या भागात अजून गोंद लावू नका. वर पोलादी पट्टी ठेवून धारदार कटरने दोन्ही थर एकदम कापा, वरचा आणि खालचा फालतू तुकडा काढा, मग चिकटवा. सांधा केसासारखा बसतो.

पुढच्या कोपऱ्यांत रेक्झिन आत वळवताना कोपऱ्यापर्यंत एक चीर द्यावी लागते. चीर कोपऱ्याच्या २ मिमी अलीकडेच थांबवा. अगदी टोकापर्यंत नेली तर वळवल्यावर लाकूड उघडं पडतं. बाकी चुका पत्र्याचे कोपरे झाकतात. खऱ्या ॲम्पवर ते आदळआपटीसाठी असतात, आपल्याकडे बऱ्याचदा लाज राखण्यासाठी. त्यांच्या स्क्रूला आधी बारीक भोक पाडा, नाहीतर प्लायचा पदर फुटतो.

मुठीला लाकडी स्क्रू लावू नका. भरलेला डबा अडीच किलोच्या आसपास जातो आणि ९ मिमी प्लायमधून स्क्रू कधीतरी सुटतोच. ४ मिमीचे आरपार बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नट.

ग्रिल

९ मिमी प्लायच्या १२ मिमी रुंद पट्ट्यांची २४७ × १२७ मिमी चौकट करा आणि काळी रंगवा. जाडी ९ मिमीच हवी. पातळ चौकट घेतली तर जोराच्या ठेक्याला कोनची कड कापडाला लागते आणि फरफर ऐकू येते. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. सहज पार झाली तर कापड चालेल. पडद्याचं जाड कापड वरचे सूर खातं.

रंग-पोत तुमच्या आवडीचा. फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या ॲम्पना पिवळसर ट्वीड कापड असे, व्हॉक्सची ओळख हिऱ्यांच्या नक्षीचं ग्रिल, आणि काळ्यावर सोनेरी म्हटलं की मार्शल. ट्वीड करायचं असेल तर रेक्झिनऐवजी जाड सुती कापड घ्या आणि वरून लाखेचे दोन-तीन हात द्या.

कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यभागी एकेक स्टेपल, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. विणीची रेघ चौकटीला समांतर आहे ना, ते दर दोन स्टेपलनंतर पाहा. तिरकी रेघ दहा फुटांवरून दिसते. ग्रिल आणि पट्टी यांच्यामध्ये पांढरा किंवा सोनेरी गोट बसवला की डब्याचा एकदम ॲम्प होतो. चौकट अडकवायला वेल्क्रो घ्या. लोहचुंबक छान वाटतात, पण खर्जाच्या सुरांवर तेच खडखडतात.

वायरिंग

सेल तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, आणि जोडण्याआधी एकमेकांपासून ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसलेले. सेलवर थेट झाळू नका, उष्णतेने आतून बिघडतात. निकेलपट्टी स्पॉट-वेल्ड केलेला पॅक घ्या. संरक्षण बोर्डाच्या तारा ऋण टोकापासून क्रमाने वर लावत जा. सगळं लावूनही बाहेर व्होल्टेज येत नसेल तर एकदा चार्जर जोडा; काही बोर्ड त्याशिवाय जागेच होत नाहीत. आणि संरक्षण बोर्ड म्हणजे चार्जर नव्हे. साधा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून भागवू नका.

बॅटरीच्या धन तारेत फ्यूज, तिथून टॉगलच्या मधल्या पायाला. एक बाजू ॲम्प आणि बक कन्व्हर्टरला, दुसरी चार्जिंग जॅकला. जॅकची, ॲम्पची आणि बकची ऋण तार संरक्षण बोर्डाच्या बाहेरच्या ऋण टोकाला. अशाने चार्जिंग आणि वाजणं एकाच वेळी होत नाही, आणि चार्जर नसेल तेव्हा तीच बाजू ‘बंद’ ठरते. दिवा ॲम्पच्या बाजूला, २.२ किलोओहम रोधातून. ॲम्पच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. तो नसला तर मोठ्या आवाजात व्होल्टेज क्षणभर बसतं आणि ब्लूटूथ पुन्हा सुरू होतं.

बक कन्व्हर्टर मॉड्यूलला जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५ व्होल्टला लावून घ्या. पुढे बी०५०५एस आणि मग ब्लूटूथ. हा तुकडा अनेकजण वाचवतात आणि मग फोन जोडल्यावर मागे बारीक किर्रकिर्र ऐकत बसतात. ब्लूटूथचा विद्युतप्रवाह आणि ऑडिओ एकाच ग्राउंडवरून (परतीच्या ऋण तारेवरून) गेले की तो आवाज येतो. आयसोलेटेड कन्व्हर्टर लावल्यावर मॉड्यूलचं ग्राउंड फक्त ऑडिओच्या तारेतूनच ॲम्पला जोडलं गेलं पाहिजे, दुसरीकडून चुकूनही नाही.

ब्लूटूथच्या प्रत्येक बाजूतून २.२ किलोओहम रोध, त्यानंतर टोनचा पोट: सिग्नलवरून २२ नॅनोफॅरड कपॅसिटर, पोटचा मधला पाय, आणि एक कडेचा पाय ग्राउंडला. विजेच्या गिटारवर टोनचा नॉब असाच असतो. तो वरचे सूर कापतो, वाढवत काही नाही. मग व्हॉल्यूमचा पोट: एका कडेला सिग्नल, दुसऱ्या कडेला ग्राउंड, मधला पाय ॲम्पकडे. आवाज उलटा फिरला तर कडेचे पाय अदलाबदल करा. पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येत असेल तर पोट लॉगरिदमिकऐवजी लिनिअर आला आहे. दोन्ही पोटांची धातूची बॉडी ऑडिओ ग्राउंडला जोडा, म्हणजे नॉबला हात लावल्यावर घूं होणार नाही.

टीपीए३११०च्या स्पीकरकडे जाणाऱ्या चारही तारा ‘गरम’ असतात, म्हणजे चारहींतून सिग्नल जातो, एकही ग्राउंड नसते. दोन्ही स्पीकरचे ऋण एकत्र करणं किंवा ग्राउंडला लावणं म्हणजे ॲम्प जाळायची तयारी. दोन्ही स्पीकरची दिशाही एकच हवी: दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धनाला धन लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. एक बाहेर आणि एक आत गेला की खर्ज नाहीसा होतो.

खरं गिटारही लावायचं मनात असेल तर थेट जॅक देऊ नका. गिटारच्या पिकअपला सुमारे १ मेगओहमचा इनपुट लागतो. १० किलोओहमवर तो मरगळतो. मध्ये हा फरक सांभाळणारं बफर सर्किट हवं.

बंद करण्याआधी

ब्लूटूथ मॉड्यूल ॲल्युमिनियमच्या पट्टीमागे ठेवू नका. बाजूच्या लाकडी भिंतीला लावा, नाहीतर शेजारच्या खोलीत गेलात की आवाज तुटतो. बॅटरी तळाशी, पट्ट्याने घट्ट. वायरी फोमने बांधा. ४०-५० ग्रॅम पॉलिएस्टरचा कापूस मोकळा पसरा, ॲम्पच्या हीटसिंकवर मात्र नको. मागच्या फळीखाली फोमची टेप लावून आठ स्क्रूंनी आवळा.

आता एक कोन बोटांनी हलकेच आत दाबून धरा. दुसरा थोडा बाहेर येऊन हळूहळू परतला तर डबा हवाबंद आहे. झटकन परतला तर कुठेतरी गळती आहे, बहुतेकदा चार्जिंग जॅकपाशी. मग फोनवर टोन जनरेटर लावून ५० ते ५०० हर्ट्झ हळू फिरवा. एखाद्या सुरावर खडखड आली तर तो सूर तसाच ठेवून एकेक वस्तू दाबत जा: मूठ, कोपरा, ग्रिल, पट्टी. जिच्यावर हात ठेवताच आवाज थांबतो तिथे फोमचा तुकडा सरकवा.

२५०० मिलिॲम्पियर-तासाचे सेल असतील तर सुमारे २७ वॉट-तास मिळतात, म्हणजे मध्यम आवाजात सात-आठ तास. बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा.