स्टाफचं साप्ताहिक पत्रक आणि शिक्षकांचं प्रशिक्षण: दोन्ही एकत्र कसं चालवायचं

आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेत आठवड्याला साधारण तासाभराची एक स्टाफ मीटिंग असते. तो तास सूचना वाचून दाखवण्यात गेला की प्रशिक्षणाला वेळ उरत नाही, आणि मग ते वर्षातल्या दोन-तीन दिवसांच्या वर्कशॉपवर ढकललं जातं. ४० जणांसमोर १५ मिनिटं सूचना वाचल्या तर एकूण १० तास खर्च होतात. त्याच सूचना लिहून दिल्या तर चार-पाच मिनिटांत वाचून होतात. म्हणून जे वाचून कळतं ते पत्रकात टाका आणि ज्यावर एकत्र बसून डोकं चालवावं लागतं तेवढंच मीटिंगमध्ये घ्या. आधी पत्रकाची घडी बसवा, प्रशिक्षणाचा आराखडा त्यानंतर. क्रम उलटा केला तर मीटिंगचा तास कधीच मोकळा होत नाही.

पत्रक कोणी आणि कधी काढायचं

पत्रकाला संपादक एकच हवा. उपमुख्याध्यापक असोत की ऑफिस मॅनेजर, काटछाटीचा अधिकार त्यांच्याकडेच असू द्या. मजकूर ईमेलने, तोंडी किंवा चहाच्या वेळी घेऊ नका. पाच रकान्यांचा एक ऑनलाइन फॉर्म पुरतो: काय, कोणासाठी, कधी, कुठे, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. पाचवा रकाना रिकामा ठेवून आलेली सूचना परत पाठवा. तो रकाना नसला की सगळे प्रश्न ऑफिसच्या खिडकीशी येतात.

शाळेचा आठवडा सोमवार ते शुक्रवार असेल तर मजकूर बुधवारी दुपारी ३ वाजेपर्यंत आणि पत्रक गुरुवारी दुपारी, हे वेळापत्रक चांगलं चालतं. काही देशांत आठवडा रविवारी सुरू होतो. तिथे एक दिवस अलीकडे सरका. गुरुवार अशासाठी, की सहल आणि संगीताचा तास एकाच वेळी आलाय हे कोणाच्या लक्षात आलं तर शुक्रवारी ते निस्तरता येतं. रविवारी रात्री पाठवलेल्या पत्रकाने फक्त झोप उडते. मुदतीनंतर आलेला मजकूर पुढच्या आठवड्यात जाईल. अपवाद दोनच: सुरक्षितता आणि गैरहजर शिक्षकाचं कव्हर, म्हणजे त्याच्या जागी वर्ग कोण घेणार ते.

पाठवल्यानंतर काही बदललं तर पूर्ण पत्रक पुन्हा पाठवू नका. एकाच आठवड्याच्या तीन प्रती फिरू लागल्या की कोण कोणती वाचतंय हे कळत नाही. पत्रक एकाच लिंकवर ठेवा, तिथे दुरुस्ती करा आणि एका ओळीचा निरोप धाडा: "बदल: बुधवारची असेंब्ली ८:१५ ऐवजी ९:०० वाजता."

मजकूर कसा लिहायचा

क्रम दर आठवड्याला तोच ठेवा, म्हणजे डोळा आपोआप योग्य जागी जातो. सर्वांत वर कामं: कोणी, काय, कधीपर्यंत. मग दिवसवार कार्यक्रम, ड्यूटी आणि कव्हरमधले बदल, प्रशिक्षणाच्या तीन-चार ओळी आणि शेवटी पुढच्या तीन आठवड्यांच्या तारखा. दोन पानांच्या वर गेलं की शेवटचं पान कोणी उघडत नाही.

"सर्वांनी रिपोर्ट कार्डचं काम लवकरात लवकर पूर्ण करावं" हे वाक्य कोणालाच लागू होत नाही. ते असं लिहा: "इयत्ता १ ते ५ चे वर्गशिक्षक: वाचन आणि लेखनाचे शेरे गुरुवार, १२ मार्च, दुपारी ४ वाजेपर्यंत सिस्टिममध्ये भरा. लॉगिन अडलं तर को-ऑर्डिनेटरना विचारा." कर्ता आधी, काम नंतर. ज्याचा संबंध नाही तो पहिल्या काही शब्दांतच पुढच्या ओळीवर जातो.

आंतरराष्ट्रीय स्टाफमध्ये एक जास्तीची अडचण असते. ०३/०४ म्हणजे अमेरिकन शिक्षकाला ४ मार्च आणि ब्रिटिश शिक्षकाला ३ एप्रिल. तारीख नेहमी वार आणि महिन्याच्या नावासह लिहा. इयत्तांचंही तेच: ब्रिटिश पद्धतीतलं 'इयर २' म्हणजे अमेरिकन 'ग्रेड १', 'इयर ६' म्हणजे 'ग्रेड ५'. शाळेने एक पद्धत ठरवून पत्रकात तीच वापरावी. लघुरूपं तर नव्या शिक्षकाला पहिले दोन महिने कोडीच वाटतात, तेव्हा त्यांची एका पानाची यादी पत्रकाला कायमची जोडून ठेवा. शिवाय हे पत्रक फक्त शिक्षकांसाठी नसतं. टीचिंग असिस्टंट, नर्स, बसमधल्या ताई, सफाई आणि सुरक्षा कर्मचारी यांनाही मैदान कधी बंद आहे आणि फायर ड्रिल कधी आहे हे कळायला हवं. वाक्यं आखूड ठेवा. जे ईमेल बघत नाहीत त्यांच्यासाठी कार्यक्रम आणि ड्यूटीचा भाग त्यांच्या भाषेत छापून स्टाफरूम आणि गेटवर लावा.

पत्रकात काय येऊ नये

मुलाच्या नावासह वर्तनाची, आजाराची किंवा घरच्या परिस्थितीची माहिती कधीही नको. बालसुरक्षेबाबतची चिंता तर नावाशिवायही नको. ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जाते. ॲलर्जीची यादी नर्सकडून, ज्यांना लागते त्यांनाच. अशा शाळांत बऱ्याच स्टाफची स्वतःची मुलं त्याच शाळेत शिकतात. म्हणजे तुमचे कित्येक वाचक पालकही असतात, आणि पत्रक घरच्या टेबलावर उघडं राहू शकतं.

कानउघाडणीही पत्रकात नको. "काही शिक्षक ड्यूटीवर उशिरा येत आहेत" असं छापलं की जे उशिरा येतात त्यांना ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही, आणि जे पाच मिनिटं आधी पोहोचतात ते दुखावतात. दोघंच उशिरा येत असतील तर त्या दोघांशी बोला. कौतुक जरूर छापा, पण नेमकं. "छान टीमवर्क" यातून कोणी काही शिकत नाही. "इयत्ता २ ने ग्रंथालयाच्या परतीच्या पेट्या विषयवार केल्या, शेल्फ लावायचा वेळ निम्मा झाला" हे वाचून दुसरी इयत्ता तसं करून बघते.

पत्रक वाचलं जातंय का, हे 'ओपन रेट'वरून, म्हणजे किती जणांनी ते उघडलं यावरून, ठरवू नका. ऑफिसमध्ये एक चिठ्ठी ठेवा आणि उत्तर पत्रकात असूनही विचारले गेलेले प्रश्न तीवर लिहा. एखादा प्रश्न तिसऱ्यांदा आला तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, ती ओळ चुकीच्या जागी आहे किंवा धूसर आहे.

आता प्रशिक्षण

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाचे पाच घटक मांडले: सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद आणि वर्गातलं कोचिंग. पहिल्या दोनांवर थांबलं तर शिक्षकाला विषय समजतो, पण वर्गात बदल फारसा दिसत नाही. पाहुण्या तज्ज्ञाच्या एकदिवसीय भाषणात हेच पहिले दोन घटक असतात. पैसे वाया जातात ते तज्ज्ञ वाईट असतो म्हणून नव्हे, पुढच्या सोमवारी कोणी विचारत नाही म्हणून. साप्ताहिक पत्रक उपयोगी पडतं ते इथे: त्यातल्या प्रशिक्षणाच्या तीन-चार ओळी हे काम दर आठवड्याला पुढे सरकवतात.

वर्षाला एकच मोठा विषय घ्या, फार तर दोन. तो मुलांच्या कामातून निवडा. प्रत्येक वर्गातून लेखनाचे तीन नमुने, वाचनाच्या रनिंग रेकॉर्डमधली, म्हणजे मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षकाने केलेल्या शब्दवार नोंदीतली, अचूकता (साधारण ९५ टक्क्यांच्या वर म्हणजे मूल ते पुस्तक स्वतः वाचू शकतं, ९० ते ९४ म्हणजे मदतीने, त्याखाली म्हणजे पुस्तक अवघड), आणि काही वर्गांत १० मिनिटं बसून केलेल्या नोंदी एवढ्यावर दिशा कळते. सर्वेक्षणात "तुम्हाला काय शिकायला आवडेल" विचारलं तर तंत्रज्ञान वर येतं. आवड आणि गरज वेगळ्या असू शकतात.

मग विषयाचं एका कृतीत रूपांतर करा. 'प्रश्नकौशल्य' ही कृती नाही. 'प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबणं' ही आहे, कारण ती दिसते आणि मोजता येते. मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासात शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मुलाच्या उत्तरानंतर थांबणंही तितकंच महत्त्वाचं, आणि शिक्षक नेमकं तेच विसरतात. शाळेची भाषा ज्यांची घरची भाषा नाही, अशा मुलांना प्रश्न मनात उलगडायलाच तो वेळ लागतो, म्हणून अशा शाळेत ही कृती सुरुवातीला घ्यायला फार चांगली.

चक्र सहा आठवड्यांचं ठेवा. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं कारण आणि २० मिनिटं प्रात्यक्षिक, शक्य असेल तर आपल्याच शाळेतल्या वर्गाचं. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एका तासाचं ध्वनिमुद्रण करून स्वतःच स्वतःचे सेकंद मोजायचे. आकडा कोणाला द्यायचा नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात जोडीदाराचा वर्ग पाहायचा. पाचव्यात मुलांची उत्तरं किंवा कामाचे नमुने आणायचे. सहाव्यात काय टिकवायचं ते ठरवून पुढे जायचं. मीटिंग मंगळवारी असेल तर पत्रकात दर वेळी एवढंच: "या आठवड्यात हे करून बघा. मंगळवारी हे घेऊन या." रिपोर्ट कार्डांचा आणि पालकभेटींचा आठवडा चक्रातून सरळ वगळा. त्या आठवड्यात घेतलेलं प्रशिक्षण कोणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि विषयाबद्दल राग मात्र साठतो.

वर्गनिरीक्षण कुठे अडतं

एकाच इयत्तेचे शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहतील असं कागदावर फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्यांचे मोकळे तास एकत्र ठेवलेले असतात, नियोजनासाठी. एक मोकळा असतो तेव्हा दुसराही मोकळाच असतो, पाहायला वर्ग नसतो. म्हणून जोड्या वेगवेगळ्या इयत्तांतून लावा. संगीत, कला आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची अडचण याच्या उलट: बाकीचे नियोजनाला बसतात तेव्हा हे त्यांचेच वर्ग घेत असतात. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) प्रायमरी इयर्स प्रोग्रामसारख्या अभ्यासक्रमात एकत्र नियोजन अपेक्षित असतं, पण वेळापत्रकच ते होऊ देत नाही. उपाय: अभ्यासक्रमाच्या प्रत्येक युनिटला (घटकाला) या विषयांचा एक शिक्षक एका इयत्तेशी जोडा आणि युनिट सुरू होण्याआधी त्यांना एकदा ४० मिनिटांचं कव्हर द्या. दर आठवड्याचं आश्वासन देऊन मोडण्यापेक्षा हे बरं.

निरीक्षण १५ ते २० मिनिटांचं, आधी ठरवलेल्या एकाच प्रश्नावर. पाहणाऱ्याने जे दिसलं आणि ऐकू आलं तेच लिहावं: "तिसऱ्या प्रश्नानंतर चार सेकंद, हात वर केलेली मुलं दोनवरून सहा." 'उत्तम', 'सुधारणा हवी' असे शब्द लिहू नयेत. दोन दिवसांच्या आत १० मिनिटं बोलावं आणि कागद ज्याचा वर्ग पाहिला त्याच्याकडेच राहावा. तो मूल्यमापनाच्या फाइलमध्ये एकदा जरी गेला तरी पुढच्या वेळी तुम्हाला सजवलेला धडा पाहायला मिळेल. जपानी पाठ-अभ्यासाच्या परंपरेतली एक सवय इथे उचलण्याजोगी आहे: धडा गटाने मिळून बेतायचा, एकाने शिकवायचा आणि बाकीच्यांनी शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहायचं.

मीटिंगचा तास

६० मिनिटांत पहिली ५ पत्रकातल्या शंकांना. नवी सूचना चालणार नाही, मुख्याध्यापकांचीही नाही. पुढची ४५ मिनिटं कामाला, शेवटची १० "पुढच्या मंगळवारपर्यंत मी काय करून बघणार" हे कार्डावर लिहायला. पाचव्या आठवड्यात लेखनाचे नमुने पाहायचे असतील तर मुलांची नावं झाका, १० मिनिटं सर्वांनी गप्प बसून वाचावं, प्रत्येकाने गुण स्वतंत्रपणे लिहावेत आणि मगच ते उघड करावेत. चर्चा फक्त तिथेच, जिथे फरक आहे. आधी बोलणं सुरू झालं तर अनुभवी शिक्षकाचा आकडा सर्वांचा होतो.

टीचिंग असिस्टंटना बोलावणार असाल तर तो वेळ त्यांच्या पगारी तासांत धरा. ते नाही जमलं तर त्यांच्यासाठी शाळेच्या वेळेत २० मिनिटांचं वेगळं सत्र ठेवा. लहान गटांशी सर्वांत जास्त बोलतात तेच.

बाहेरच्या वर्कशॉपला जाणाऱ्याने निघण्याआधी एक प्रश्न लिहून द्यावा आणि परतल्यावर १० दिवसांत एकच कृती २० मिनिटांत दाखवावी. तिथल्या स्लाइड्स पुन्हा दाखवायला परवानगी नको. शाळेचं सत्र सुरू होण्याआधीच्या तयारीच्या दिवसांत निम्मा दिवस वर्ग लावायला मोकळा सोडा, नाहीतर लोक खुर्चीत असतात आणि मन न उघडलेल्या खोक्यांत.

प्रशिक्षणाच्या शेवटी अभिप्रायाचे फॉर्म वाटण्याऐवजी सहा आठवड्यांनी १० वर्गांत पाच-पाच मिनिटं डोकावा आणि ठरलेली कृती कितींत दिसली ते मोजा. तीनांतच दिसली तर नवा विषय सुरू करू नका, सराव वाढवा. आणि या शाळांत शिक्षक दोन-तीन वर्षांत देश बदलत असतात, म्हणून प्रत्येक चक्राचं एक पान ठेवा: कृती काय, का निवडली, प्रात्यक्षिकाची चित्रफीत कुठे आहे. नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात जुन्या दोन चक्रांची पानं द्या, सोबत एक जोडीदारही द्या.