कोड लोकांच्या हातात द्यायच्या आधी

आमच्या ग्रुपमधला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा साफ करायचा पायथन कोड आता बाहेरच्यांना द्यायचा ठरलाय, म्हणून काय काय करून ठेवायचं ते एकदा लिहून काढतो, तुमच्याही लॅबमध्ये असा एखादा कोड पडून असेल तर उपयोगी पडेल.

लायसन्स आधी. नुसता गिटहबवर टाकला म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं नसतं, लायसन्स नसेल तर हक्क मालकाकडेच राहतात. एमआयटी, बीएसडी की जीपीएल, यातलं कुठलं लायसन्स ते गाइडला आणि इन्स्टिट्यूटला विचारूनच ठरवा, कारण नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी बऱ्याचदा आपली एकट्याची नसते.

मग इन्स्टॉलेशन, आणि इथे भरपूर वेळ द्या. कोरं मशीन घ्या, कोड कधीच न बघितलेल्या एमएस्सीच्या पोराला किंवा पोरीला फक्त रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल) वाचून इन्स्टॉल करायला सांगा, आपण शेजारी गप्प बसायचं आणि कुठे अडलं ते लिहून घ्यायचं. आमच्याकडची मुलगी दुसऱ्याच ओळीला अडली, कारण कासाचं (रेडिओ डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर) कुठलं व्हर्जन लागतं हे मी लिहिलंच नव्हतं, मला ते इतकं पाठ होतं की सुचलंच नाही. डिपेंडन्सीच्या, म्हणजे आपल्या कोडला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजेसच्या, व्हर्जनला खालची आणि वरची दोन्ही मर्यादा घाला, जून २०२४ मध्ये नमपाय (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) २.० आलं तेव्हा जुन्यावर कंपाइल केलेली पॅकेजेस इम्पोर्टलाच मोडत होती. आणि क्लस्टर, म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली मोठी यंत्रणा, विसरू नका, तिथे युजरला रूटचे (पूर्ण ताब्याचे) अधिकार नसतात आणि जॉब जिथे चालतो त्या कम्प्यूट नोडला बऱ्याचदा इंटरनेटच नसतं. ॲस्ट्रोपाय हे खगोलशास्त्राचं पायथन पॅकेज पृथ्वीच्या फिरण्याची आयईआरएस टेबलं स्वतःहून डाउनलोड करायला जातं, मग जॉब रात्रभर रांगेत थांबतो आणि सुरू झाल्यावर तिथेच मरतो, म्हणून ती टेबलं लॉगिन नोडवर (जिथून जॉब टाकतो ते मशीन) आधीच उतरवून ठेवायची स्टेप रीडमीत ठळक लिहा.

टेस्ट डेटा छोटा हवा. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना, त्यांचा पूर्ण डेटा कोणी टेस्टसाठी उतरवून घेणार नाही, कॅलिब्रेटरची (तेजस्विता आधीच माहीत असलेला स्रोत) दोनेक मिनिटं आणि थोडी चॅनल्स कापून द्या, प्रोप्रायटरी मुदत (डेटा फक्त निरीक्षकाकडे राखीव असतो तो काळ) संपलेल्या निरीक्षणातलीच, सोबत चेकसम (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) आणि उत्तर किती यायला हवं तो आकडा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. कोड क्रॅश झाला तर युजर ओरडतो, आपल्याला कळतं, पण कोड गुपचूप चुकीचा फ्लक्स (स्रोताच्या तेजस्वितेचा आकडा) देत असेल तर तो आकडा थेट पेपरात जातो आणि त्यावर कोणाचीतरी पीएचडी उभी राहते. म्हणून चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहू नका, कुठल्या व्हर्जनपासून कुठल्या व्हर्जनपर्यंत कुठला आकडा चुकत होता आणि साधारण कितीने, ते स्पष्ट लिहा, लाज वाटली तरी लिहा. प्रत्येक आउटपुट फाइलच्या हेडरमध्ये व्हर्जन नंबर आपोआप जायला हवा, नाहीतर दोन वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही की हा आकडा कशातून आला. आणि फाइलचं स्वरूप बदलताना फिट्स या खगोलशास्त्रातल्या डेटा फॉरमॅटचा नियम आठवा, १९८१ मध्ये छापून आलेलं ते फॉरमॅट, पण एकदा वैध ठरलेली फाइल पुढच्या कुठल्याही बदलाने अवैध होऊ द्यायची नाही हे आजही पाळलं जातं.

झेनोडो या संशोधनाच्या फाइल्स ठेवायच्या साइटवर प्रत्येक रिलीजचा डीओआय (संदर्भ द्यायचा कायमचा क्रमांक) घ्या, सायटेशनची फाइल टाका, पटकन होतं.

सपोर्टचं मात्र आधी ठरवा. बग कळवायच्या फॉर्ममध्ये व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पूर्ण एरर मागा, स्क्रीनशॉट नको. उत्तर कोण देणार, आठवड्यातल्या कुठल्या दिवशी, तेही रीडमीत लिहा. एप्स हे रेडिओ डेटाचं जुनं सॉफ्टवेअर १९७८ पासून चालू आहे आणि अजून वापरतात, कारण त्याच्यामागे माणसं टिकून राहिली. आपल्याकडे कोड लिहिणारा पोरगा पोस्टडॉकला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, तर पायपायचे (पायथन पॅकेजेस जिथून उतरवतात ती साइट) आणि रिपॉझिटरीचे अधिकार निदान दोघांकडे हवेत, त्यातला एक पर्मनंट स्टाफमधला. आमचा तो दुसरा माणूस अजून ठरलेला नाही, तोवर मी रिलीजचा टॅग लावत नाहीये.