अभियांत्रिकीच्या शाखांची ओळख करून देताना या चुका टाळा

प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाले की अभियांत्रिकी महाविद्यालयांत शाखांची ओळख करून देणारी सत्रे होतात. त्यांतल्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून वाईट वाटते, कारण त्यांचा भुर्दंड नुकतीच बारावी झालेल्या मुलांना सोसावा लागतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे शाखेची ओळख पॅकेजच्या आकड्याने करून देणे. अशाच एका सत्रात इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे मापन आणि नियंत्रणाच्या शाखेच्या, वक्त्यांनी आपली शाखा काय करते हे सांगण्याऐवजी "आमच्याकडूनही आयटीत जाता येते" एवढेच आश्वासन दिले. समोर बसलेल्या एका मुलीला हीच शाखा मिळाली होती. आपल्या वाट्याला काहीतरी दुय्यम आले, अशी तिची समजूत झाली आणि शाखा बदलून मिळावी म्हणून गुणांमागे धावण्यात तिचे पहिले वर्ष गेले. बदल काही मिळाला नाही. पुढे प्रशिक्षणासाठी ती एका साखर कारखान्यात गेली, तेव्हा बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी राखण्याचे काम तिने जवळून पाहिले. पातळी फार घसरली तर नळ्या तापून निकामी होतात आणि फार वाढली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाते. त्यातही वाफेची मागणी एकाएकी वाढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असतानाही पातळी चढल्यासारखी दिसते. म्हणून पातळी, वाफेचा प्रवाह आणि आत येणाऱ्या पाण्याचा प्रवाह ही तिन्ही मापे एकत्र धरून झडप किती उघडायची ते ठरवावे लागते. परत आल्यावर हे सारे ती मला फळ्यावर आकृती काढून समजावत होती. हे पहिल्याच सत्रात सांगायला दहा मिनिटे पुरली असती.

दुसरी चूक म्हणजे शाखा एकमेकींशी संबंध नसलेले कप्पे असल्यासारख्या मांडणे. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांची रचना करणारे विश्वेश्वरय्या स्थापत्य अभियंते होते, पण पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारा दरवाजा हा यंत्ररचनेचाही प्रश्न आहे. मी सत्राला बंद पडलेला जुना मिक्सर नेतो आणि तो मुलांकडूनच उघडवतो. मोटरचे वेटोळे आणि झिजलेले कार्बन ब्रश निघाले की विद्युत शाखेची गोष्ट सुरू होते, पाते आणि ते मोटरला जोडणाऱ्या कपलरवरून यंत्र आणि धातुशास्त्राची, तर साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या कवचावरून उत्पादनाची. वेळ वाचावा म्हणून काही सहकारी मिक्सर आधीच उघडून ठेवायला सुचवतात, पण स्क्रू फिरवताना पडणारे प्रश्न उघड्या यंत्राकडे पाहून पडत नाहीत.

सर्व विभागांची भाषणे एकाच दुपारी उरकू नयेत. प्रयोगशाळा दाखवायची असेल तर यंत्र चालू करावे. झाकलेल्या यंत्रांसमोरून रांग नेल्याने काहीही साधत नाही. सत्र घेण्याचे काम विभागातल्या सर्वांत नव्या शिक्षकावर ढकलू नये. पहिल्याच आठवड्यात "नोकरीसाठी कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकू?" असे विचारणाऱ्या उतावळ्या मुलाला भाषेचे नाव देऊन मोकळे होऊ नये, त्याला आधी कोणता प्रश्न सोडवायचा आहे, ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.

वर्कशॉपमधल्या फिटिंगच्या जॉबबद्दल, म्हणजे हाताने घासून मापात बसवायच्या धातूच्या तुकड्याबद्दल, मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. सीनियरकडून किंवा बाहेरून तयार जॉब आणण्याची पळवाट काही ठिकाणी सर्रास चालते आणि शिक्षकही काणाडोळा करतात. कानशीने पोलादाचा पृष्ठभाग सपाट करताना हात दुखतात, काटकोनात फट राहते, आणि रेखाचित्रातली मिलिमीटरच्या अंशाची सूट कशासाठी दिलेली असते ते तिथेच कळते. माझ्या तुकडीत तयार जॉब आढळला की तो मी ठेवून घेतो आणि त्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी नवा तुकडा देऊन शेजारी उभा राहतो.