भूतकाळ दुरुस्त करायला निघालेल्या विज्ञानकथा: या चुका टाळा

पावसाळा लागला की दिवाळी अंकांसाठी कथा यायला सुरुवात होते, आणि विज्ञानकथांच्या गठ्ठ्यात एक गोष्ट हमखास असते. कुणीतरी गेलेलं असतं, कुणीतरी मागे उरलेलं असतं, आणि उरलेल्याच्या हाती एक यंत्र लागतं. विषयाला माझी अजिबात हरकत नाही. ‘त्या दिवशी त्याला गाडीवर जाऊ दिलं नसतं तर’ असं ज्याच्या मनात कधी आलं नाही, असा माणूस मला सोलापुरात तरी भेटलेला नाही. पण चुका त्याच त्या. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि आता नव्या मुलांच्या कथा वाचून देते, त्यामुळे मला दुहेरी त्रास होतो. विज्ञान घसरलं तरी टोचतं, कथा घसरली तर जास्तच.

आठवणीला सीसीटीव्ही समजणं

ही चूक पहिल्या नंबरची. डोक्याला टोप लावला, बटण दाबलं, आणि तीस वर्षांपूर्वीचा दिवस पडद्यावर लख्ख उमटला. आवाजासकट, तारखेसकट, आणि बऱ्याचदा वरून घेतलेल्या दृश्यासकट! आठवणारा माणूस खोलीत असताना दृश्य छतावरून कसं दिसतं, हे विचारलं की लेखक गप्प.

ही कल्पना कुठून आली तेही सांगते. मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या रुग्णांना जागं ठेवून शस्त्रक्रिया करत आणि मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाहाने स्पर्श करत. काही रुग्णांना गाणं ऐकू आलं, कुणाला ओळखीचा आवाज. त्यावरून पेनफील्ड यांना वाटलं की सगळं आत नोंदलेलं आहे. पण असं होणारे रुग्ण थोडेच होते, आणि जे ऐकू आलं ते खरोखर घडलेलंच होतं याचा पुरावा नव्हता. विज्ञान पुढे गेलं, आपल्या कथा मात्र पेनफील्डपाशीच थांबल्या.

नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने किल्लारीच्या भूकंपावर कथा आणली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपासची वेळ. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. त्या पहाटे सोलापूरसुद्धा रस्त्यावर आलं होतं. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. कथेतल्या आजीचा नातू त्यात गेलेला. आजी यंत्रात बसते आणि सगळं पुन्हा बघते: भिंतीवरच्या घड्याळात तीन छप्पन्न, तुळई सुटताना, नातवाचे उघडे डोळे.

मी तिला विचारलं, अंधारात घड्याळ कसं दिसलं? तिकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. म्हणून तर इतकी माणसं गेली, दहा हजारांच्या घरात. कोसळलं तेव्हा आधी आवाज, मग धुरळा. आजी गाढ झोपलेली. तिला तुळई सुटताना कशी दिसेल? मुलगी म्हणाली, “मॅडम, सायन्स फिक्शन आहे, काहीही चालतं की.”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. विज्ञानकथेत एकच गोष्ट काहीही चालते, ती म्हणजे तुम्ही मांडलेलं पहिलं गृहीतक. त्यानंतरचं सगळं त्या गृहीतकाच्या धाकात चालायला हवं.

ती रुसून गेली. बऱ्याच दिवसांनी परत आली ती तिकडच्या एका नातेवाईक बाईंशी बोलून. त्या बाईंना भूकंप फारसा आठवतच नव्हता. आठवत होतं ते आदल्या रात्रीचं: पोरगं ‘अंगणात झोपतो’ म्हणत होतं आणि त्यांनी ‘गार वारं सुटलंय’ म्हणून त्याला आत घेतलं होतं. एवढंच. दुसऱ्या खर्ड्यात तिने तुळई, घड्याळ, डोळे सगळं काढून टाकलं. आता यंत्रात ते एकच वाक्य वाजतं. पण एकदा आजी पोराला हाताला धरून आत आणते, एकदा त्याला नुसती हाक मारते, एकदा तो स्वतःच उठून येतो. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ हैराण, कारण यातली मूळ प्रत कुठली हे त्याला सांगता येत नाही. कथा उभी राहिली ती तिथे. आणि गंमत म्हणजे विज्ञानही तिथेच बरोबर आलं.

न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी २००० साली उंदरांवर एक प्रयोग केला. एक सूर वाजवायचा, मग विजेचा धक्का. सूर ऐकला की उंदीर भीतीने थिजायला शिकले. पुढे तो सूर नुसता ऐकवून भीतीची आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं बनणं थांबवणारं औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी भीती बरीच ओसरलेली. ज्यांना औषध दिलं पण सूर ऐकवला नाही, त्यांची भीती जागच्या जागी. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. त्या मधल्या वेळात तिच्यात फेरफार होऊ शकतो.

कथालेखकासाठी हा केवढा मोठा खजिना आहे बघा. दुःख पुन्हा जगायला गेलेला माणूस दर खेपेला ते थोडं बदलूनच परत येणार. मुलाचा आवाज जसाच्या तसा जपायचा असेल तर तो ऐकायचा नाही, असा नियम तुमच्या यंत्राला लावा आणि मग आईला त्याच्यासमोर बसवा. वेगळा खलनायक लागणार नाही.

आजूबाजूची माणसंही आठवण बदलतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना, ‘धडकून चुराडा झाला’ तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? चित्रफितीत फुटकी काच नव्हतीच. तरी चुराड्यावाल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या गटात ५० पैकी ७. मयताला जमलेल्या बायका एकाच प्रसंगाचं वर्णन तेराव्यापर्यंत कसं वाढवत नेतात, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना नवल वाटणार नाही.

माझी सवय सांगते. यंत्राचं पान लिहिण्याआधी ज्याची आठवण आहे तो नेमका कुठे होता, झोपला होता की जागा, दिवा होता का, हे वहीत लिहून काढायला लावते. ज्याला दिसणं शक्य नव्हतं ते कथेतून बाद.

आणि ‘आठवण पुसण्याचं बटण’ फार सोपं करू नका. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल देऊन दुखऱ्या आठवणीची धार कमी होते का हे माणसांवर तपासलं गेलंय, पण निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. शिवाय त्यात प्रसंग विसरायला लावण्याचा हेतूच नव्हता, त्याची धडकी कमी व्हावी एवढाच होता.

दुःख मिटवलं, मग यंत्र कुणी बनवलं?

आजोबांना मारणाऱ्या नातवाचा विरोधाभास (मागे जाऊन आजोबांनाच लहानपणी मारलं, तर नातू जन्मला कसा?) सगळ्यांना पाठ असतो. त्याची घरगुती आवृत्ती मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. बाप गेला म्हणून पोरगा शास्त्रज्ञ झाला, त्याने यंत्र बनवलं, मागे जाऊन बापाला वाचवलं. आता बाप जिवंत आहे तर पोराने यंत्र कशासाठी बनवलं असेल? आणि नाही बनवलं, तर बाप वाचला कसा?

सोलापूरच्या पूर्व भागातला एक तरुण. बापाची गिरणी बंद पडली, बाप दारूला लागला आणि गेला, असं कथानक. गिरणीतली माणसं त्याने इतकी छान लिहिली होती की मी खुर्चीत सरसावून बसले. मग नायक काळात मागे गेला, मालकाच्या केबिनमध्ये शिरला आणि दीड पान भाषण दिलं. मालकाचे डोळे पाणावले. गिरणी वाचली! बाप भोंगा वाजल्यावर डबा घेऊन घरी आला. समाप्त.

अहो, जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, देणी, वर्षानुवर्षं साचलेलं सगळं. हे एका भाषणाने मिटलं असतं तर सोलापूरच्या चिमण्या आजही धूर सोडत असत्या. जो भूतकाळ इतक्या स्वस्तात बदलतो, त्यासाठी वाचकाने का रडावं? मी त्याला म्हटलं, गिरणी वाचवू नकोस, एक संध्याकाळ बदल. बाप पहिल्यांदा गुत्त्याकडे वळला ती संध्याकाळ. आणि त्याला वळवलं तर कुणाचं काय जाईल ते आधी ठरव. त्याला हे पटलं नाही. त्या आठवड्यात त्याने आणखी कथा पाठवल्या आणि सगळ्यांत भाषणं. घाईने लिहिणाऱ्यांना वाटतं, एक कथा सुधारण्यापेक्षा नवी लिहिणं सोपं. सोपं असतंच, म्हणून तर करायचं नाही.

वाटा आहेत, पण त्यातली एकच धरा. इगोर नोविकोव्ह यांचं तत्त्व असं की भूतकाळात गेलात तरी जे घडलं त्याच्याशी विसंगत काही करताच येणार नाही. शोकाच्या कथेत याचा अर्थ भयंकर होतो: तुम्ही वाचवायला गेलात, आणि त्या दिवशी दारात दिसलेली, लक्ष विचलित करणारी अनोळखी व्यक्ती तुम्हीच होतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून निघालेली अनेक विश्वांची वाट घेतलीत, तर वाचलेला बाप दुसऱ्याच मुलाचा. तुमच्या घरी फोटोला हार आहे तो आहेच. नवे लेखक ही वाट पळवाट म्हणून घेतात आणि हार विसरतात.

तिसरी मला सगळ्यात आवडते आणि कुणी वापरत नाही. किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्महोलचं (म्हणजे अवकाशातल्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या कल्पित बोगद्याचं) कालयंत्र तत्त्वतः कसं होऊ शकेल ते मांडलं. त्यात एक मेख आहे: यंत्र तयार झालं त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. आज बनवलेल्या यंत्राने १९९३ गाठता येणार नाही. आता अशी बाई कल्पा जिचं यंत्र अपघातानंतर अवघ्या एका दिवसाने सुरू झालं. ती परत परत मागे जाईल, पण पोचेल ती दहाव्याच्या तयारीत. कुणीतरी लिहा ही कथा, मी फुकट तपासून देईन.

इतिहास बदलायचा असेल तर डॉ. जयंत नारळीकरांकडे बघा. पानिपतावरच्या कथेत त्यांनी एकच गोळी हलवली, विश्वासरावांच्या कानाजवळून जाऊ दिली. तेवढीच. १४ जानेवारी १७६१ चं सगळं युद्ध नव्याने लिहीत बसले नाहीत.

बाकीच्या, पटापट

काळाचे तपशील. नायक १९८५ च्या गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, जातो आणि पाळण्यासाठी पाचशेची नोट काढतो. ती नोट आली १९८७ मध्ये. १९९० साली ‘सोलापूर विद्यापीठा’त शिकणारी नायिकाही नेहमी भेटते, तेव्हा इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, इथलं विद्यापीठ २००४ चं. आणि कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी जुनी गाडी नॅरो गेज होती, तिला ‘सुसाट’ म्हणू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक फोन केला तर हे सगळं कळतं, पण फोन करायला वेळ नसतो.

एका तासात पृथ्वी सूर्याभोवती लाखभर किलोमीटर पुढे जाते, मग तासभर मागे गेलेला माणूस पोकळीत का पडत नाही? हा प्रश्न तुम्ही स्वतः काढणार असाल तर उत्तर द्या. नसेल द्यायचं तर पात्राच्या तोंडूनही काढू नका.

‘क्वांटम’ हा शब्द मीठ म्हणून टाकू नका.

कणिक मळत पुणेरी व्याख्यान देणारी सोलापूरची आजी नको. आपल्याकडे घरात मराठी, शेजारी तेलुगू, दुकानात कन्नड, आणि नाक्यावर ‘काय करलालास बे’. शंभर वर्षं पुढच्या सोलापुरातही माणसं अशीच बोलतील असं धरून चाला.

‘भविष्यातून कुणी आलं कसं नाही?’ हा प्रश्न घालायचाच असेल तर माहीत असू द्या की स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ ला कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली होती आणि निमंत्रण मेजवानी झाल्यावर जाहीर केलं. कुणी आलं नाही. तुमच्या पात्राला याहून मजेदार काही सुचत नसेल तर प्रश्न गाळा.

रडणं मोजून. नायक प्रत्येक फेरीत रडत असेल तर वाचक दुसऱ्या फेरीपासून घड्याळ बघतो.

‘आणि त्याला जाग आली.’ अशी कथा मी शेरा न लिहिता परत करते.

राहिला घाईचा मुद्दा. रात्री अकराला कथा पाठवायची आणि सकाळी सातला ‘मॅडम, वाचली का?’ असा निरोप टाकायचा, हे बंद करा. कथा लिहून झाली की आठ दिवस तिच्याकडे बघू नका, मग यंत्राची पानं झाकून उरलेली वाचा. उरलेल्यात माणसं असतील तरच माझ्याकडे पाठवा, आणि पानांना क्रमांक घाला.